सोने लुटण्यापूर्वी

आज विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. प्रातःकाळी घरोघरी ग्रंथांचे, शस्त्रांचे आणि उपजीविकेच्या साधनांचे पूजन झाले असेल, दारावर झेंडूचे तोरण चढले असेल, आणि हे पान वाचकांच्या हाती असताना सायंकाळच्या सीमोल्लंघनाची सिद्धता चालली असेल. आमच्या छत्रपती संभाजीनगरात नवरात्राचे दिवस कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेने गजबजून जातात, आणि दसऱ्याला तीच गर्दी सराफ्याकडे वळलेली दिसते. एका हातात आपट्याची पाने आणि दुसऱ्या हातात सराफाकडची लहानशी डबी, असे गृहस्थ आणि गृहिणी घरी परतताना पाहिले म्हणजे सण साजरा झाला असे वाटते.

काही वर्षांपूर्वी नवरात्रात या शहरातील एका देवळात आमचे कीर्तन होते. उत्तररंगाला आम्ही रघुराजा आणि कौत्स यांचे आख्यान लावले होते. दसऱ्याच्या दिवसांत हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो आहोत. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली, आणि मागे बसलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पुढे आले. मूळचे रायचूरकडील मराठी घराण्यातील. मुलगा येथील वाळूजच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून उतारवयात इकडे राहावयास आलेले. तारुण्याची पंचवीस वर्षे त्यांनी सोन्याच्या खाणीत काढली होती. दोन वाक्ये बोलली की त्यांना खोकल्याची उबळ येई. ते म्हणाले, "बुवा, कुबेराने सोने पाडले ते छान सांगितलेत. पण आम्ही खाली उतरून जे काढले, त्याची कथा कुठल्या पुराणात आहे?"

त्या रात्री आम्हांला उत्तर देता आले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

कौत्साने किती घेतले?

कथा सर्वांना ठाऊक आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पूर्ण झाल्यावर गुरुदक्षिणेचा आग्रह धरतो. गुरू प्रथम नको म्हणतात. शिष्य हट्टाला पेटतो, तेव्हा रागावून चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागतात. कौत्स रघुराजाकडे येतो, पण राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले असते. अतिथीला अर्घ्य द्यावयास त्याच्यापाशी मातीचे पात्र तेवढे उरलेले असते. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघू कुबेरावर स्वारीचा निश्चय करतो, आणि त्याच रात्री कुबेर कोशागारात सुवर्णवृष्टी करतो. कालिदासाने हा प्रसंग रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वर्णिला आहे. लोककथेने त्यात आपट्याचे झाड आणले आणि उरलेले सोने प्रजेने लुटले असे सांगितले. आपला आजचा आचार त्या लोककथेचा आहे.

इतकी वर्षे आम्ही या आख्यानात रघूचे औदार्य गात आलो. त्या वृद्धाच्या प्रश्नानंतर पाचवा सर्ग पुन्हा उघडला, तेव्हा कालिदासाने तोलून ठेवलेली दुसरी बाजू नीट दिसली. राजा सर्व राशी देऊ करतो. कौत्स गुरूच्या देण्यापलीकडे एक निष्कही घेत नाही. अयोध्येच्या लोकांनी कौतुक केले ते दोघांचे: मागण्याहून अधिक देणाऱ्याचे, आणि गरजेहून अधिक न घेणाऱ्याचे. दसऱ्याचे खरे पूजन या दुसऱ्या गुणाचेही असावयास हवे. 'लुटणे' हा शब्द आपण उचलला आणि कौत्साचा हात जेथे थांबला ती जागा मात्र विसरलो.

आणि आणखी एक भेद आहे. कथेतील सोने आकाशातून आले. ते कोणाला खणावे लागले नाही. आपल्या बोटातील अंगठीचे सोने पाताळातून आलेले आहे, आणि ते कोणीतरी वर आणलेले आहे.

सोन्याची योग्यता

सोन्याची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. वेदांनी सृष्टीच्या आरंभीच्या तत्त्वाला हिरण्यगर्भ म्हटले, श्रीसूक्ताने लक्ष्मीला सुवर्णवर्णा म्हणून आळविले. सोन्याला गंज चढत नाही, साधी आम्ले त्याला खात नाहीत. म्हणूनच ऋषींना ते अमृतत्वाचे चिन्ह वाटले. एक ग्रॅम सोन्याचे ठोकून सुमारे एक चौरस मीटर पान होते, आणि त्याची तार ओढली तर ती दोन किलोमीटरांहून लांब निघते. या गुणावरच आमच्या पैठणचे नाव देशोदेशी गेले. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार केसासारखी बारीक ओढून ती रेशमावर गुंडाळावयाची आणि तिने पदर विणावयाचा, हे पैठणीचे रहस्य होते. जुनी पैठणी जीर्ण झाली म्हणजे तिची जर जाळून धातू परत मिळवीत. आज बहुतेक पैठण्यांत हलक्या धातूची जर असते, पण विणणाऱ्या हातांचे कसब तेच आहे.

जातकर्मात बालकाला सोन्याचा स्पर्श घडवितात. वैद्य सुवर्णभस्म देतात. पाश्चात्त्य वैद्यकातही संधिवातावर सोन्याचे क्षार दीर्घकाळ वापरले गेले. दूरध्वनी आणि संगणक यांच्या आतील नाजूक जोडण्यांना सोन्याचा पातळ थर असतो. 2021 च्या डिसेंबरात अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशांवर सोन्याचा लेप आहे, आणि साडेसहा मीटर व्यासाच्या त्या आरशाला सोने लागले सुमारे 48 ग्रॅम. म्हणजे पाच तोळ्यांहूनही कमी! तेवढ्या सोन्याने मानवाला अतिदूरच्या, आरंभीच्या तारकाविश्वांचा प्रकाश दाखविला. आमच्या कपाटातील पाच तोळे काय दाखवितात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावा.

प्रतिष्ठान आणि हट्टी

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या वैभवशाली घराण्याची नाणी शिसे, तांबे, पोटीन आणि काही चांदी यांची सापडतात. सोन्याची नाणी पाडण्याची त्यांची रीत नव्हती. सोने येई ते व्यापारातून. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून भडोचकडे जाणाऱ्या मौल्यवान खड्यांचा उल्लेख आहे, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या सोन्याचांदीच्या नाण्यांचाही. रोमचा प्लिनी तर हिंदुस्थान आपले धन ओढून घेतो अशी तक्रार करतो. सोन्याची आपली आवड अशी दोन हजार वर्षांची आहे.

पण दक्षिणेच्या भूमीतही सोने होते. रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात हट्टी हे गाव आहे. 1956 सालापर्यंत आमचा मराठवाडा आणि हे हट्टी एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते. त्या अर्थाने ही आपल्याच जुन्या घरातील खाण होय. 1947 साली तेथे सोने काढण्यासाठी कंपनी स्थापन झाली, आणि आजही देशातील खाणीच्या सोन्याचा मोठा वाटा हट्टीतूनच येतो. आधुनिक अभियंते तेथे उतरले, तेव्हा त्यांना शेकडो फूट खोल गेलेले प्राचीन खोदकाम आढळले. त्यातील जुन्या लाकडांच्या परीक्षणावरून ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहे. त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती. खडकाला लागून लाकडे पेटवीत, खडक तापला की त्यावर पाणी ओतीत, आणि तडकलेला दगड छिन्नीने फोडीत. अरुंद विवरात शेकडो फूट खाली धूर आणि वाफ यांच्यात उभ्या राहणाऱ्या त्या माणसांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. राजांची दाने मात्र नाणेघाटापासून सर्वत्र कोरलेली आहेत.

याच कर्नाटकातील कोलारची कथा अलीकडची आहे. 1880 नंतर तेथे इंग्रज कंपनीने खाणी चालविल्या. 1902 साली शिवसमुद्रम येथील जलविद्युत त्या खाणींसाठी आणली गेली. खोदकाम तीन किलोमीटरांहून खोल गेले. तेथे खडक इतका तापलेला असे की थंड हवा खाली सोडल्यावाचून माणसाला उभे राहता येत नसे. खडकाचा दाब असह्य होऊन तो एकाएकी फुटे आणि माणसे गाडली जात. बहुसंख्य कामगार तामिळ प्रदेशातून आलेले, दलित समाजातील होते. सव्वाशे वर्षांत सुमारे 800 टन सोने निघाले. 28 फेब्रुवारी 2001 रोजी खाणी बंद झाल्या. सोने गेले, गावाशेजारी उरले ते दळलेल्या दगडांच्या राखाडी भुकटीचे डोंगर, आणि अनेक घरांतून दगडाच्या धुळीने झिजलेली फुफ्फुसे. त्या वृद्ध गृहस्थांचा खोकला आम्हांला आता कळतो.

एका तोळ्याचे मोल

टनामागे पाच ग्रॅम सोने देणारा खडक चांगला समजतात. म्हणजे बाजारातील दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी निदान दोन टन खडक फोडून, पिठासारखा दळून घ्यावा लागतो. वाटेतला निरुपयोगी दगड वेगळाच. जगातील अनेक उघड्या खाणींत तर टनाला एखादा ग्रॅमच मिळतो. दळलेल्या पिठातून सोने विरघळवून काढण्यासाठी सायनाइड वापरतात. ते जपून वापरले, बंदिस्त ठेवले, तर अनर्थ टळतो. जपले नाही तर काय होते, ते 30 जानेवारी 2000 रोजी रुमानियातील बाया मारे येथे दिसले. बांध फुटला, सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांत शिरले, आणि तिसा नदीतून ते डॅन्यूबपर्यंत पोहोचले. मासे मरून काठाला लागले.

आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, आशियात लक्षावधी गरीब माणसे कोणत्याही यंत्रावाचून सोने खणतात. ती पाऱ्यात सोने धरून तो पारा उघड्यावर जाळतात. ती वाफ श्वासात जाते, नदीत उतरते, माशांत शिरते. जगात माणसाच्या उद्योगाने हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा उगम हाच आहे. त्याला आळा घालण्यासाठी 2013 साली राष्ट्रांनी मिनामाता करार केला, आणि 2017 पासून तो अमलात आहे. अशा ठिकाणी मुलेही राबतात. आपल्या देशातील खाणींतून वर्षाला एक-दोन टनच सोने निघते, आणि आपण अलीकडच्या वर्षांत सातशे-आठशे टन बाहेरून आणीत आलो आहोत. तेव्हा ही दूरदेशची गोष्ट म्हणून हात झटकता येत नाहीत.

शास्त्र काय म्हणते?

कौटिल्य व्यवहारी होता. खाणी म्हणजे कोशाचे उगमस्थान, हे त्याने स्पष्ट सांगितले. जड खर्चाची खाण वाट्याने द्यावी आणि सोपी राजाने स्वतः चालवावी, असा नियम त्याने घातला. सोनार कोणत्या पाच रीतींनी सोने चोरतो हेही त्याने नोंदविले. पण त्याच ग्रंथात, परवानगीवाचून खाण खणणाऱ्याला बांधून कामाला लावावे, असेही त्याने म्हटले आहे. खाणीतील श्रम त्या काळी शिक्षेसारखे होते, याहून अधिक स्पष्ट पुरावा तो कोणता?

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उपपातकांची मोठी यादी आहे. तिच्यात खाणींवरील अधिकार, महायंत्रे चालविणे आणि वनस्पतींची हिंसा ही एकापाठोपाठ आलेली आहेत. तरुणपणी पाठशाळेत ही ओळ घोकताना आम्हांला ती विचित्र वाटली होती. आज ती तशी वाटत नाही.

अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तात ऋषी भूमीला सुवर्णवक्षा म्हणतो. तिच्या उरात सोने आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि खणण्याला त्याची ना नाही. मात्र खणताना तो तिला विनवितो की जे घेतले ते पुन्हा लवकर भरून यावे, आणि आपल्या हातून तिच्या मर्माला, तिच्या हृदयाला घाव बसू नये. खाणीच्या धर्माचे सूत्र याहून सोपे करून कोणी सांगितलेले आम्हांला आढळले नाही. घ्यावे, पण भरून येईल असे. खणावे, पण मर्म राखून. मर्म केवळ भूमीचे नव्हे, तिच्यात उतरणाऱ्या माणसाचेही.

येथे कोणी म्हणेल, खाण चालविणारा तो दोषी. विकत घेणाऱ्याने काय केले? छांदोग्य उपनिषदाने याचा विचार केला आहे. पतित होणाऱ्यांत ते प्रथम सोने चोरणाऱ्याचे नाव घेते, पुढे आणखी तिघे सांगते, आणि थांबत नाही. या चौघांशी व्यवहार ठेवणारा तो पाचवा, असे म्हणते. ज्या सोन्यात मजुराचे वेतन आणि श्वास चोरलेला आहे, ते सोने चोरीचेच नव्हे काय? आणि ते डोळे मिटून घेणारे आपण त्या पाचव्याच्या पंक्तीत बसत नाही काय? त्या वृद्धाला पुराणातली कथा हवी होती. ती ही होय. फक्त तीत आपली जागा पाचवी आहे.

तरीही खाणी सरसकट बंद कराव्या असे आम्ही म्हणत नाही. कोलारची खाण बंद झाली तेव्हा सहस्रावधी कुटुंबांचा घास गेला, हेही खरे. शास्त्राने खाणीचा निषेध केला नाही, तिच्यावर जबाबदारी घातली. कामगाराला संरक्षण, योग्य वेतन, आजारात औषध आणि खाण संपल्यावर भूमीची डागडुजी, हे त्या जबाबदारीचे आजचे रूप.

नाथांच्या गावची शिकवण

भागवताच्या प्रथम स्कंधात परीक्षिती कलीला राहावयास चार स्थाने देतो: द्यूत, मद्य, स्त्रीविषयक अनाचार आणि हिंसा. कली आणखी मागतो, तेव्हा राजा त्याला पाचवे स्थान देतो ते सोने. त्याबरोबर असत्य, मद, काम, क्रौर्य आणि वैर ही पाचही त्याच्या हाती येतात. अकराव्या स्कंधात अवंतीच्या कृपण ब्राह्मणाची कथा आहे. त्याने ना देवाला दिले, ना घरच्यांना, ना स्वतःच्या देहाला. धन गेल्यावर त्याला उमगले की अर्थाबरोबर पंधरा अनर्थ येतात. आमच्या पैठणच्या नाथमहाराजांनी या स्कंधावरील आपली टीका 1573 साली काशीत पूर्ण केली. जो गृहस्थाश्रमात राहिला, त्याने ही टीका लिहिली, हे महत्त्वाचे. संपत्ती टाकून वनात जा, असा तिचा रोख नाही. संपत्तीने आपल्याला धरू नये, असा आहे.

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या नातीचे लग्न ठरले. आमच्या मातोश्रींची पुतळ्यांची माळ घरात होती. ती मोडावी की नवे सोने घ्यावे, असा विषय निघाला. हे सर्व व्यासपीठावरून सांगणारे आम्ही, पण माळ मोडावयास आमचाच जीव धजेना. आईची आठवण आहे, राहू द्या, नवे घेऊ, असे आम्ही म्हणालो. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "सासूबाईंच्या गळ्यातले नातीच्या गळ्यात गेले, तर आठवण मोडते की पुढे जाते?" आम्ही निरुत्तर झालो. दोन पुतळ्या देवघरात ठेवल्या, बाकीच्यांचे मंगळसूत्र आणि पाटल्या घडविल्या. थोडी घट आली, ती सोसली. त्या लग्नासाठी भूमीतून एक गुंजही नवे सोने काढावे लागले नाही.

सराफ्याच्या गल्ल्यांत झारेकरी हा जुना व्यवसाय आहे. सोनाराच्या दुकानातला केर, राख, गटारीतला गाळ धुऊन ते त्यातील सोन्याचे कण वेचतात. आजवर मानवाने काढलेले दोन लाख टनांहून अधिक सोने बहुतेक सगळे पृथ्वीच्या पाठीवरच आहे. जे वर आले आहे तेच फिरवावे, हा झारेकऱ्याचा धर्म आहे. गृहस्थांनीही तो उचलण्याजोगा आहे. जुने मोडून नवे घडवावे. मुहूर्ताला घ्यावयाचे तर कौत्साप्रमाणे गरज ठरवून घ्यावे. 2021 पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यावर शुद्धतेची खूण आवश्यक झाली आहे. ती पाहताना हे सोने कोठून आले, असेही सराफाला विचारावे. आज त्याच्यापाशी उत्तर नसेल. शंभर ग्राहकांनी विचारले तर तो शोधू लागेल.

आता शेवटचे, आपट्याविषयी. धर्मसिंधू शमीच्या अभावी ज्या अश्मंतकाचे पूजन सांगतो, तो हा आपटा. पूजन झाडाचे सांगितले आहे, तोडणे नव्हे. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात फांद्यांचे भारे येतात, आपटा पुरला नाही की कांचनाची झाडे ओरबाडली जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते सोने रस्त्यावर तुडविले जाते. जो हात दोन पानांवर थांबत नाही, तो दोन तोळ्यांवर कसा थांबेल? म्हणून आज सायंकाळी एक पान वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवावे, आणि येत्या पावसाळ्यात अंगणात किंवा देवळाच्या आवारात आपट्याचे एक रोप लावावे. घेतलेले भरून येवो, ही पृथ्वीसूक्तातील प्रार्थना निदान तेवढ्यापुरती तरी आपल्या हाताने फळास येईल.

ते वृद्ध गृहस्थ पुढच्या नवरात्रात कीर्तनास आले नाहीत. मुलाकडून कळले की ते गेले. तेव्हापासून आम्ही कौत्साच्या आख्यानाच्या शेवटी एक ओवी स्वतःची जोडतो. तीत कुबेराच्या पाठोपाठ त्या खाली उतरलेल्यांनाही नमस्कार असतो. आज आपट्याचे पान हाती घेताना वाचकांनी तो नमस्कार मनातल्या मनात करावा, एवढीच विजयादशमीच्या दिवशी विनंती.